कुबड्या घरातच राहिल्या

जीप आली तेव्हा मी एका ब्लाउजला हूक लावत होते. जीपवर भोंगा बांधलेला होता आणि आतला माणूस तेच तेच सांगत होता. वरच्या धरणांमधून पाणी सोडलंय, नदीकाठच्या लोकांनी घरं सोडावीत, गावातल्या शाळेत जावं. भोंग्याचा आवाज उसापलीकडे गेला आणि विरला. मी हूक लावून दोरा दातांनी तोडला. पावसाळ्यात जीप यायचीच. दर वेळी पाणी उसाच्या कडेपर्यंत यायचं आणि मागे जायचं.

आमची वस्ती वडगाव रासाईच्या बाजूला, भीमेच्या काठावर. नदीच्या अलीकडे आमचा शिरूर तालुका, पलीकडे दौंड. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. वस्तीवर मोबाइल कुणाकडे नव्हता, फोन करायचा तर दूध डेअरीवर जावं लागायचं.

लहानपणी मला पोलिओ झाला होता. उजवा पाय पुरता गेला, डाव्यात थोडा जीव राहिला. उजव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, त्यालाच जोडलेला बूट आणि काखेत दोन कुबड्या. एवढं अंगावर चढलं की मी चालायचे. गोठ्यात जायचे, चुलीपुढं बसायचे, डेअरीपर्यंत जाऊन यायचे. हातानं फिरवायचं शिलाई मशीन होतं, त्यावर वस्तीतल्या बायकांचे कपडे शिवायचे. पण कुबड्या नसल्या तर मला जिथं ठेवाल तिथं मी. वस्तीवर हे सगळ्यांना दिसत होतं, पण आई आणि भाऊ सोडले तर कुणी त्याचा कधी विचार केला नव्हता.

आणि त्या दिवशी नेमके ते दोघंही घरी नव्हते. आई नदीपलीकडे राहू गावाला गेलेली, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी. भाऊ एमआयडीसीतल्या कंपनीत पहिल्या पाळीला.

पाणी नदीच्या बाजूनं येईल म्हणून मी दारातून उसाकडं बघत होते. ते मागून आलं. घरामागच्या ओढ्यातलं पाणी नेहमी नदीकडं जायचं, ते उलटं वाहायला लागलं होतं. गोठ्यातली म्हैस ओरडली म्हणून मी मागच्या खिडकीतून पाहिलं, तर गव्हाणीखाली तांबडं पाणी. त्यावर उसाचं पाचट, कुणाची तरी चप्पल, आणि पाचटावर बसून एक साप चाललेला. म्हशीचं दावं सोडायला हवं होतं आणि माझ्या पायाला कॅलिपर नव्हता. शिवताना मी तो काढून ठेवायचे.

मी तो ओढून घेतला, पाय आत घातला आणि बक्कलं लावायला लागले. रोज न बघता लावायची ती बक्कलं. त्या दिवशी पट्टा भोकात जाईना.

तेवढ्यात चुलतभाऊ आला. माझ्याहून चारेक वर्षांनी धाकटा, अंगानं दांडगा, मला आक्का म्हणायचा. त्याच्यामागं शेजारचे आप्पा. दोघंही गुडघ्यापर्यंत भिजलेले.

"आक्का, चल, चल! पाणी दारात आलंय."

"थांब, एवढा पट्टा लावते. कुबड्या दे मला त्या."

"आता पट्ट्याचं काय घिऊन बसलीस!"

मी पुढं काही बोलायच्या आत त्यानं मागून माझ्या काखेत हात घातले. आप्पांनी पाय धरले, घोट्यांपाशी. मला उचललं. मांडीपासून कॅलिपर अर्धवट सुटलेला, त्यामुळं पाय एकीकडं आणि लोखंड दुसरीकडं. कमरेतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काळोख आला. "कुबड्या!" मी ओरडले. "आणू मागनं," आप्पा म्हणाले. दारातून बाहेर पडताना मला भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दोन्ही कुबड्या दिसत होत्या. हात लांबवला असता तर एक हाताला लागली असती, पण माझे हात चुलतभावानं दाबून धरले होते.

बोळात पाणी मांडीपर्यंत होतं. ते दोघं मोठ्यानं एकमेकांशी बोलत होते. इकडनं घे, तिकडं खड्डा हाय, जपून. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. मी आकाशाकडं तोंड करून होते, खाली काय आहे ते मला दिसत नव्हतं. उकिरड्याजवळ चुलतभावाचा पाय घसरला आणि मी त्याच्या हातांतून निसटले.

पाणी डोक्यावरून गेलं. नाकात, तोंडात, शेणाचा आणि चिखलाचा वास. माणूस पडला तर आधी पाय टेकायला बघतो. माझ्याकडं टेकायला काही नव्हतं. बुटात पाणी भरलं होतं आणि तो मला खाली ओढत होता. वरून कुणाचा तरी आवाज आला, "लोखंड बुडवतंय रं तिला, काढ ते!" पायाला हिसका बसला. मग केसांना धरून मला वर काढलं. खोकता खोकता मी पाहिलं, तर पाय उघडा होता. कॅलिपर पाण्यात गेला होता.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धान्याची पोती होती, शेळ्या होत्या, चुलती होती, तिची सून होती. मला पोत्यांवर ठेवलं. चुलतभाऊ माझ्याकडं एकदाही न बघता म्हशीचं दावं सोडायला पुन्हा पाण्यात उतरला. माझे दात वाजत होते. चुलती म्हणाली, "वाचलीस गं बाई." मी मान हलवली. वाचले होते हे खरंच. पण ट्रॉली हलली तशी एक वेगळीच भीती माझ्या मनात शिरली. आता माझं सगळं दुसऱ्यांच्या हातात होतं. अंगावर ओलं लुगडं सोडून माझ्यापाशी माझं म्हणावं असं काही उरलं नव्हतं.

शाळेच्या एका खोलीत सगळ्या वस्तीच्या बायका. मला फळ्याखालच्या कोपऱ्यात पोत्यावर बसवलं. तिथं भिंत होती, ओल नव्हती, त्यांनी चांगली जागा बघूनच मला बसवलं होतं. पण दार खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं, आणि मधे माणसं, भांडी, पोरं, गाठोडी. मी दाराकडं बघत राहिले. आपण स्वतः तिथवर जाऊ शकत नाही, एवढी एकच गोष्ट डोक्यात घुमत होती.

गावातल्या बायका भाकरी-पिठलं घेऊन आल्या. एकीनं माझ्याकडं बोट करून चुलतीला विचारलं, "ही भाकरी खाती का, का पातळ काही करून आणू?" चुलती म्हणाली, "खाती की." दुसरीनं विचारलं, "बोलती का?" मी म्हणाले, "बोलते." ती दचकली आणि मग ओशाळून हसली. वाईट मनाची नव्हती ती. तिनं मला सगळ्यांपेक्षा जास्त पिठलं वाढलं. पण त्यानंतरही तिनं माझ्या अंगावर घालायला काही हवंय का ते चुलतीलाच विचारलं.

मी भाकरी खाल्ली आणि पाणी प्यायले नाही. शाळेचा संडास मैदानाच्या पलीकडं. तिथं जायचं म्हणजे कुणाला तरी हाक मारायची, दोघींनी मला उचलायचं, सगळ्यांच्या मधून न्यायचं. लहान असताना मी रांगायचे, हातांवर सरकायचे. कुबड्या आल्यापासून ते सुटलं होतं. आता या सगळ्यांच्या पायांमधून सरकत जायचं या कल्पनेनंच मी पाण्याच्या कळशीकडं बघत नव्हते. शेवटी जायची वेळ आलीच. चुलतीनं आणि तिच्या सुनेनं मला उचललं. त्यांचा हेतू चांगला होता, पण त्यांनाही भीती वाटत होती, आणि घाबरलेली माणसं फार घट्ट धरतात. माझ्या दंडावर बोटांचे वळ उठले.

भाऊ कुठं आहे ते कळत नव्हतं. आई ज्या पुलावरून परत येणार होती, तो पाण्याखाली गेला होता. चुलतभाऊ खोलीच्या दारापर्यंत यायचा, त्याच्या आईकडं काहीतरी द्यायचा आणि जायचा. आत यायचा नाही. कुबड्यांचं काय झालं ते त्याला विचारावं म्हणून मी वाट बघायचे, पण तो माझ्याकडं नजर वळवायचाच नाही. मी धरून चालले की त्याला माझा राग आलाय. आपल्यामुळं तोही पडला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आरडाओरडा झाला. आधी नीट कळलं नाही. मग एक बाई दारात येऊन किंचाळली, "पळा! धरण फुटलं!"

त्या खोलीत पुढं काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. सगळी माणसं एकदम उठली. पोरं रडायला लागली, पितळेची कळशी कलंडली, कुणाचा तरी पाय माझ्या हातावर पडला. "माळावर चला! देवळाकडं!" मी हाक मारली. चुलतीच्या कडेवर नात होती, दुसऱ्या हातात एक पोर. ती वळली आणि ओरडली, "हिला कुणीतरी घ्या रं!" आणि गर्दीनं तिला दाराबाहेर नेलं. कुणीतरी घेईल असं प्रत्येकाला वाटलं असावं. त्यांना दोष देत नाही मी. माझ्या पायांत बळ असतं तर मीही पळाले असते.

खोली रिकामी झाली.

इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कलंडलेल्या कळशीचं पाणी फरशीवरून हळूहळू माझ्याकडं येत होतं, आणि ते कळशीचं आहे हे दिसत असूनही मी त्याला घाबरले. मी ओरडले. कुणाचं नाव घेऊन ओरडले आठवत नाही. मग ओरडणं सोडलं आणि हातांवर सरकायला लागले. लुगडं पायात अडकत होतं. गाठोडी बाजूला ढकलत, कपबशीच्या काचेवर तळवा कापून घेत मी दारापर्यंत गेले. बाहेर व्हरांडा, त्याला पायऱ्या, आणि खालच्या मैदानात पाणी चढलेलं. ते वाढतंय की तेवढंच आहे हे मला कळत नव्हतं. मी उंबऱ्याला धरून बसले. पायऱ्या उतरले तर पाण्यात, नाही उतरले तर खोलीत. दोन्हीकडं मरणच दिसत होतं.

मैदानातून कुणीतरी पाणी उडवत पळत येत होतं. चुलतभाऊ होता.

तो पायऱ्या चढून आला आणि आल्या आल्या माझ्या काखेत हात घालायला वाकला. मी त्याला दोन्ही हातांनी ढकललं.

"हात लावू नको!"

तो जागच्या जागी थांबला. धापा टाकत होता. चेहरा पांढरा पडला होता.

"आक्का, पाणी येतंय! मग काय करू मी? सांग की!"

त्याचा आवाज रडवेला होता. आणि मला तेव्हा कळलं की हा खरंच विचारतोय. त्याला माहीत नाही. उचलायचं म्हणजे कसं उचलायचं, हे त्याला कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं. मीही नाही. आजवर कुणी मला असं विचारलं नव्हतं, म्हणून मला सांगायची सवय नव्हती.

"माझ्याकडं पाठ करून खाली बस," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटत होता. "मी तुझ्या गळ्यात हात घालते. माझ्या मांड्यांखाली हात घाल, घोट्याला धरू नको. उजवा पाय लुळा हाय, तो लोंबकळला की कमरेत कळ येती. आन् उठायच्या आधी सांग मला."

तो बसला. मी त्याच्या पाठीवर झेपावले. त्यानं मांडीखाली हात घातला आणि विचारलं, "इथं धरू?"

"अजून थोडं वर. हां."

"उठतो आता."

"ऊठ."

तो उठला. मी पडले नाही.

पायऱ्यांपाशी आल्यावर मी काही म्हणायच्या आधीच तो बोलायला लागला. "पायरी हाय. अजून एक. आता पाणी. पोटरीइतकंच हाय, आक्का. इथं चिखल हाय, मी हळू जातो." सबंध मैदानभर तो बोलत होता. मी त्याच्या खांद्यावरून पुढं बघू शकत होते, पाणी कुठं आहे, रस्ता कुठं आहे, ते मला दिसत होतं. भीती गेली नव्हती. माझे हात त्याच्या गळ्याशी इतके आवळले होते की तो म्हणाला, "जरा सैल धर गं, श्वास घिऊ दे." पण आदल्या दिवशी मी एकटीच घाबरत होते. आता आम्ही दोघं मिळून घाबरत होतो.

माळाच्या चढाला तो एकदम म्हणाला, "काल माझ्या हातनं निसटलीस. तुझं हाड मोडलं आसंल आसं वाटलं मला. इचारायला भ्यालो. म्हणून आत येत नव्हतो."

"मला वाटलं तुला राग आलाय."

"मला कशाचा राग?" तो म्हणाला आणि चढ चढत राहिला.

देवळाच्या ओट्यावर सगळी माणसं होती. चुलती मला बघून हमसून रडायला लागली. तो म्हणाला, "कुठं बसवू तुला?" ओट्याच्या मधोमध जागा करत होत्या बायका. मी म्हणाले, "मधे नको. कडेला, खांबापाशी, धरून उभी राहता येईल तिथं." त्यानं तिथं बसवलं. मग घरातून कुबड्या आणता आल्या नाहीत हे त्यानं सांगितलं. घराची पुढची भिंत पडली होती. तो शेजारच्या वेळूच्या बेटातून दोन काठ्या तोडून आणायला गेला. किती उंचीच्या हव्यात ते मापून घेऊन गेला. काठ्यांच्या टोकांना चुलतीनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या. काखेत रुतायच्या, ओबडधोबड, पण त्यांच्या आधारानं मी खांबापासून ओट्याच्या पायरीपर्यंत गेले आणि परत आले. त्यानंतर मी घटाघटा पाणी प्यायले.

धरण फुटलं नव्हतं. ती अफवा होती. संध्याकाळपासून पाणी उतरायला लागलं.

भाऊ दुसऱ्या दिवशी चिखलानं बरबटून आला. आई पूल मोकळा झाल्यावर आली. तिनं मला कवटाळलं, वेळूच्या काठ्या पाहिल्या, हातावरची जखम पाहिली आणि म्हणाली, "आता तुला एकटं सोडायचंच न्हाई. म्या जिती हाय तवर तुला कुठं जायचं न्हाई."

ती जे बोलली ते करायची. मशीन आणि माझ्या कुबड्या चिखलातून निघाल्या, भावानं मशीन रॉकेलनं धुऊन चालू केलं, घर उभं राहिलं, पण मी डेअरीवर जायचं बंद झालं. चार पावलं चालले की आई दंडाला धरायची. पाणी ती आणून द्यायची, ताट ती उचलायची. तिच्या डोळ्यांत अजून पूर होता आणि तो मला दिसत होता, म्हणून मी काही दिवस गप्प राहिले. पण त्या शाळेतल्या कोपऱ्यात बसून जी भीती वाटली होती, तीच आता घरात, कोरड्या जमिनीवर वाटायला लागली. एक दिवस मी तिला म्हणाले, "आई, तू धरतेस तेव्हा मला कुबडी टेकता येत नाही. तू नुसती शेजारनं चाल. मी पडायला लागले की हात मागेन."

"आन् मागायच्या आधीच पडलीस तर?"

"तर पडेन. मग उठव."

ती पदरानं डोळे पुसत राहिली. दुसऱ्या दिवशी डेअरीला ती माझ्या शेजारून चालली, हात मागं बांधून, जणू तेच हात तिचं ऐकणार नव्हते.

नव्या कॅलिपरचं माप शिरूरला द्यायचं होतं. भावाला सुट्टी मिळेना. आई येते म्हणाली. मी म्हणाले, एकटी जाते. चुलतभावानं मला सायकलवरून फाट्यापर्यंत सोडलं आणि एसटी आली तेव्हा विचारलं, "चढवू?" मी नको म्हणाले. तो मागं सरला.

एसटीची पायरी उंच असते. मी एक कुबडी आत टाकली आणि दांडीला हात घातला. कंडक्टरनं वरून माझं मनगट धरून ओढलं. क्षणभर तोच तो बोळ, तेच पाणी. सगळी गाडी माझ्याकडं बघत होती.

"ओढू नका, मामा," मी म्हणाले. "मला दांडी धरू द्या. तेवढी ही दुसरी कुबडी घ्या हातात."

त्यांनी मनगट सोडलं. कुबडी घेतली आणि एका बाजूला उभे राहिले. मी डाव्या पायावर भार देऊन वर आले. मागून कुणीतरी म्हणालं, "चला की, उशीर होतोय." कंडक्टर त्याला म्हणाले, "बसू द्या त्यांना." मी दारामागच्या सीटवर बसले. पाय हातानं उचलून आत घेतला. कुबड्या भिंतीशी लावल्या.

"झालं का, ताई? डबल बेल देऊ?"

"थांबा," मी म्हणाले. पिशवी मांडीवर घेतली, खिडकीची दांडी धरली. सगळी गाडी थांबली होती.

"हां, द्या आता."